नाशकात गॅरेज असलेलं घर भाड्याने हवंय. पण गॅरेज म्हणजे नक्की काय मिळतं?

खान्देशी फियाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जळगावहून अंबड एमआयडीसीत बदली झाली आहे. एकटा असतो तर कुठेही पथारी टाकली असती, पण आई बरोबर आहे आणि बाबांची ८८ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, बरोबर आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आईच्या अटी दोनच: गाडी विकायची नाही, आणि उन्हापावसात उभी करायची नाही. म्हणजे गॅरेज आलंच.

मागच्या रविवारी तीन घरं पाहिली. एजंटला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, गॅरेजवालं घर पाहिजे. "आहे ना भाऊ, एकदम गॅरेजवालं." पाथर्डी फाट्याला घेऊन गेला. फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि खाली खरोखरच गॅरेज! एक बुलेट उघडून ठेवलेली, एक पोरगं पत्र्याच्या डब्यात कार्बोरेटर धूत बसलेलं, भिंतीवर पान्यांची रांग. एजंट म्हणतो, "जुनी गाडी आहे म्हणालात ना, मिस्त्री खालीच मिळाला की." चिडावं की हसावं कळेना. आई मात्र हसली, बऱ्याच दिवसांनी.

दुसरं इंदिरानगरला. "कव्हर्ड पार्किंग" म्हणजे इमारतीखाली दोन खांबांमधली जागा. पिवळ्या रंगात नंबर टाकलेला, आणि त्या नंबरावर तीन अॅक्टिव्हा आणि कुणाची तरी तुटकी पाण्याची टाकी. मालक म्हणाले, "तुम्ही राहायला आलात की काढतील."

तिसरं मखमलाबाद रोडला, बंगल्याचा तळमजला, बाजूला शटरचं गॅरेज. म्हटलं जमलं. शटर वर गेलं तर आत छतापर्यंत द्राक्षाचे क्रेट, ट्रॅक्टरचा ब्लोअर आणि खताची पोती. "हे एका कोपऱ्यात राहू द्या, सीझन झाला की हलवू. तुमची गाडी बसेल." त्या कोपऱ्याला भिंती चारही होत्या.

विचारायचं असं: करारात गॅरेजचा उल्लेख कसा करायचा? एजंट म्हणतो अकरा महिन्यांची नोटरी करू, पाचशेत काम. ते चालतं का? आणि गाडीसाठी म्हणून नाशकात कुठला भाग बघू?

मिसळखाऊ

चौथं घर बघायच्या आधी पोटभर मिसळ खा. रिकाम्या पोटी एजंट झेपत नाहीत.

पाथर्डी फाटा

ते गॅरेज मला माहीत आहे बहुतेक 😄 सकाळी नऊला बुलेटची ट्रायल सुरू होते. वाचलात भो.

कोर्टकचेरी

नोटरी अजिबात करू नका. इतकं ठासून सांगते कारण दर महिन्याला असा एक तरी माणूस रडत येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर अकरा दिवसांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीत खरा धोका मालकाला आहे आणि गंमत अशी की आग्रहही त्यांचाच असतो.

अकरा महिन्यांचं खूळ आलं १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं, म्हणून लोक एक महिना कमी करून सुटायचे. आपल्याकडे ती पळवाट १९९९ च्या कायद्याने बंद झाली, सवय तेवढी राहिली. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला द्यायचा करार, साठ महिन्यांपर्यंत करता येतो. तुमची नोकरी कायम असेल तर सरळ तीन वर्षांचा करा आणि दरवर्षी किती टक्के वाढ ते त्यातच लिहा.

खर्चाचं भय घालतात, म्हणून हिशेब मांडते. मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशावर? सगळ्या मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम. समजा भाडं १५,०००, डिपॉझिट ५०,०००, मुदत एक वर्ष. भाडं झालं १,८०,०००, डिपॉझिटचे ५,०००. एकूण १,८५,००० चा पाव टक्का म्हणजे ४६२ रुपये ५० पैसे, वर राउंड होतं थोडं. नोंदणी फी शहरी हद्दीत हजार. ऑनलाइन केलंत तर हाताळणी शुल्क वेगळं, आणि माणूस मशीन घेऊन घरी येतो, दोघांचे अंगठे घेतो, त्याची मजुरी. एवढंच.

खान्देशी फियाट (धागाकर्ता)

ताई, फार उपकार. म्हणजे नोटरी आणि नोंदणी यात फरक हजार-दीड हजाराचा, आणि एजंटने मला पंधरा मिनिटं घाबरवलं.

कोर्टकचेरी

हो. आणि गॅरेजचं विचारलंत ते राहिलंच. कराराला मिळकतीचं वर्णन असतं, तिथे नुसतं "फ्लॅट नं. अमुक" असतं. त्याच परिच्छेदात गॅरेज आलं पाहिजे: कुठल्या बाजूचं, शटरचं की दाराचं, लांबी-रुंदी, किल्ल्या किती दिल्या, आणि "रिकामं करून ताबा दिला" हे शब्द. क्रेटवाल्या काकांसाठी हा शेवटचा तुकडा. तोंडी "काढतो ना" याला कोर्टात काही किंमत नाही, आणि द्राक्षाचा सीझन दरवर्षी येतो.

सेक्रेटरी (निवृत्त)

बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. डोक्याला केस होते तेव्हा. इंदिरानगरच्या पार्किंगबद्दल सांगतो.

मालकाला पहिला प्रश्न विचारा: हे पार्किंग तुम्हाला कुठल्या कागदाने मिळालं? नवीन इमारत असेल तर रेराच्या (गृहप्रकल्पांसाठीच्या कायद्याच्या) करारात आच्छादित पार्किंगचा उल्लेख असतो. जुनी असेल तर सोसायटीचं वाटपपत्र असतं. यातलं काहीच नसेल आणि मालक म्हणत असेल "बिल्डरने दिलंय", तर सावध व्हा. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नाहलचंद लालूचंद विरुद्ध पंचाली सोसायटी या खटल्यात सांगितलं की इमारतीखालची खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ती फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. ती सामाईक जागा.

पुढे २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच आली. वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती. उघडी जागा गॅरेज नाही. तेव्हा एजंटने तुम्हाला दाखवलं त्यातलं एकच गॅरेज कायद्याच्या व्याख्येत बसत होतं, क्रेटवालं.

गंगापूररोडकर

सेक्रेटरी साहेब, माफ करा, पण मी पार्किंगला साडेतीन लाख मोजलेत २००७ ला. ते सामाईक कसं? उद्या माझ्या भाडेकरूला कुणी हटकलं तर मी काय गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला साकडं घालू?

सेक्रेटरी (निवृत्त)

पैसे मोजलेत हे खरं, पावती कशाची आहे ते बघा. बहुतेकांकडे साध्या कागदावर बिल्डरची सही असते, करारात नाही. तरी घाबरू नका. पार्किंग वाटायचा अधिकार सोसायटीचा आहे आणि बहुतेक सोसायट्या ज्याचं त्याच्याकडे ठेवतात. सर्वसाधारण सभेत ठराव करून वाटपपत्र घेऊन ठेवा. मग तुमचा भाडेकरू तुमच्या जागी गाडी लावतो यात कुणाला बोलायला जागा नाही. फक्त बाहेरच्या माणसाला नुसतं पार्किंग भाड्याने देऊ नका. आमच्याकडे एकाने समोरच्या डॉक्टरांना दिलं होतं. त्या ठरावाला सभा रात्री साडेबारापर्यंत चालली. चहा तीनदा झाला.

गंगापूररोडकर

ठराव नाही आमच्याकडे. बघतो. (राग कायम आहे, पण तुमच्यावर नाही.)

सईची आई

भाडेकरू म्हणून माझा अनुभव. गोविंदनगरला होतो. तीन महिन्यांनी सोसायटीने "नॉन-ऑक्युपन्सी चार्ज" (मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचं शुल्क) म्हणून दोन हजार लावले आणि मालकाने ते आमच्याकडे ढकलले. आम्ही भरत राहिलो वर्षभर. नंतर कळलं की हा चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावताच येत नाही, आणि लावायचा मालकाला. २००१ चा शासनाचा आदेश आहे. आमचं मेंटेनन्स होतं बाराशे, त्यातलं सेवाशुल्क तर अजून कमी. शंभर-सव्वाशेच्या जागी दोन हजार भरले. ते पैसे आठवले की अजून पोटात दुखतं.

सेक्रेटरी (निवृत्त)

बरोबर आहे ताई. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागते हाही एक समज. आदर्श उपविधींप्रमाणे फक्त कळवायचं असतं: कराराची प्रत आणि पोलिसांना माहिती दिल्याची प्रत. बॅचलरला देऊ नका, मांसाहारीला देऊ नका, हे सगळं सोसायट्यांच्या मनचं.

निमो

वाचतोय. आमचीही बदली नाशिकची होतेय.

बारा वाजून पाच

सगळे कायदा सांगतायत, मी पाणी सांगतो. बेसमेंट पार्किंग कुणी गॅरेज म्हणून गळ्यात मारलं तर आधी विचारा, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी कुठवर होतं? मालक "नव्हतं" म्हणेल. वॉचमनला विचारा. गोदाकाठच्या सोसायटीत राहायचो मी. धरणातून विसर्ग वाढवला की आम्ही सगळे मोबाइलवर दुतोंड्या मारुतीचे फोटो बघत बसायचो (नाशिककर त्या मूर्तीवरून पूर मोजतात), पाणी त्याच्या कमरेला आलं की गाड्या वर काढायच्या हा आमचा नियम. २०१९ ला आदल्या रात्री मुलीचा ताप चढला आणि तो नियम राहिला. सकाळी बेसमेंटच्या उतारावर उभा राहून टॉर्च मारला. माझी वॅगनआर दिसतच नव्हती, शेजाऱ्यांची स्कूटर मात्र तरंगत आली समोर. तिच्या हुकाला डब्याची पिशवी तशीच.

छोट्या नद्या-नाल्यांनाही हेच लागू. नासर्डीचं पाणी गोदावरीएवढं गाजत नाही, घरात मात्र तेवढंच येतं. बेसमेंट घेतलंत तर पंप कुणाचा, तो चालवणार कोण आणि वीज गेल्यावर तो कशावर चालणार, हे बघून घ्या.

खान्देशी फियाट (धागाकर्ता)

बापरे. बेसमेंट यादीतून बाद. ८८ ची गाडी एकदा पाण्यात गेली की आई मला घरात घेणार नाही.

उंदीरग्रस्त

बंद गॅरेजचा दुसरा शत्रू उंदीर. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली संसार थाटतात. माझ्या होंडाचं वायरिंग खाल्लं, बिल अठरा हजार. तुमच्या पद्मिनीत वायर कमी, तेवढं सुख. शटरखाली फट किती आहे ते बघा. दोन बोटं आत गेली तर उंदीरही जातो. रबरी पट्टी लावून घ्या. तंबाखूची पुडी, फिनाइलच्या गोळ्या सगळं करून झालं. एकच उपाय लागू पडला, आठवड्यातून दोनदा गाडी चालू करून चक्कर मारणं.

अडीच बाय पाच

मोजमापाकडे कुणी वळलं नाही अजून. नवीन इमारतीत चारचाकीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. बंद गॅरेजला त्याहून जास्त पाहिजे, कारण दोन्ही बाजूंना भिंत असते आणि आत शिरल्यावर दार उघडून तुम्हाला बाहेर यायचं असतं! आमच्या मेव्हण्यांनी महात्मानगरला जुना बंगला घेतला, गॅरेजसकट. क्रेटा आत गेली, मेव्हणे आत राहिले. शेवटी डिकीतून बाहेर. त्या काळची गॅरेजं फियाट आणि अँबॅसिडरच्या मापाची आहेत. तुमचं उलटं भाग्य, तुमची गाडीच त्या मापाची आहे. टेप घेऊन जा, शटरच्या आतली मोकळी रुंदी मोजा, भिंतीची नको. आणि दारातला चढ बघा. रस्त्याचं काँक्रिटीकरण झालंय तिथे रस्ता वर आणि गॅरेज खाली असं झालेलं असतं. पावसाचं पाणी सरळ आत.

कॅम्पातला

जुनी गाडी, आई बरोबर, खरं गॅरेज. मग शहरात कशाला अडकता? आमच्या देवळाली कॅम्पाकडे या. लॅम रोडच्या आजूबाजूला आणि पुढे भगूरपर्यंत जुनी बैठी घरं आहेत, अंगणवाली. हवा कोरडी, सॅनिटोरियमं उगाच नाही बांधली लोकांनी इथे. घराच्या कडेला मोटरखाना असतो, लाकडी दोन झडपांच्या दाराचा. अंबडला जायला अंतर पडेल, पण रोज पद्मिनी नेणार नसालच.

दोन गोष्टी मात्र सांगून ठेवतो. कॅन्टोन्मेंटच्या जुन्या बंगल्यांच्या जमिनीचे कागद वेगळ्या तऱ्हेचे असतात, तेव्हा भाड्याने देणारा माणूस खरोखर हक्कदार आहे का, की तीन भावांतला एक आहे, हे वकिलाकडून बघून घ्या. दुसरं, कौलं. पावसाळ्यात येऊन बघा, उन्हाळ्यात सगळीच छपरं शहाणी असतात.

पाथर्डी फाटा

आणि सिंहस्थ! हे कसं कुणी बोललं नाही. २०२७ ला मालकांच्या डोळ्यांसमोर भाविक नाचायला लागलेत. पंचवटीत आमच्या ओळखीच्या एकाला मालक म्हणाले, करार आत्ता करू, पण २०२७ च्या पावसाळ्यात दोन महिने तुम्ही गावी जा. घर रिकामं करून जा म्हणे, सामान एका खोलीत कोंबून.

कोर्टकचेरी

म्हणूनच लॉक-इन लिहा. अमुक महिने मालकाने काढायचं नाही, तुम्ही सोडायचं नाही, आणि ते महिने २०२७ ची दिवाळी ओलांडून जाऊ द्या. लॉक-इन दोन्हीकडून लिहून घ्या, नुसतं भाडेकरूला बांधणारं छापील कलम एजंटच्या फॉर्ममध्ये असतं. बाजू दुसरीही सांगते. मुदत संपल्यावर तुम्ही उठला नाहीत तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि मुदत संपल्यापासून दुप्पट भाडं लागतं. मालकाने घाबरायचं कारण नसतं, पण हे त्यांना कुणी सांगत नाही.

वायरमन

इथे कुणी इलेक्ट्रिक गाडीवाला असेल तर: स्वतःच्या घरच्या मीटरवर गाडी चार्ज करता येते, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तसंच सांगतात. भाड्याच्या घरात गॅरेजपर्यंत वायर कोण ओढणार आणि सोडताना ती कुणाची, एवढं लिहून घ्या. आणि गॅरेजमधला प्लॉइंट कुणाच्या मीटरवर आहे तेही. आमच्याकडे दीड वर्ष वरच्या आजोबांच्या मीटरवर गाडी पीत होती. आजोबा बिल बघून फ्रिज बदलायला निघाले होते.

मिसळखाऊ

प्लॉइंट?

वायरमन

पॉइंट. बोटं जाड आहेत.

सईची आई

डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर घेता येत नाही असं वाचलं होतं. खरं का?

कोर्टकचेरी

तो केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा. आदर्श म्हणजे नमुना, राज्याने आपला कायदा करून स्वीकारला तरच लागू. आपल्याकडचा व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतो. डिपॉझिट घासाघीस करून ठरवा, चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि परत किती दिवसांत ते करारात घ्या. रोख दिलंत तर माझ्याकडे येऊ नका.

खान्देशी फियाट (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. घर मिळालं.

कॅम्पातल्या भाऊंचं ऐकलं. भगूरच्या अलीकडे, बैठं घर, दोन खोल्या, मागे विहीर. मालकीणबाई एकट्या आहेत, वय ऐंशीच्या पुढे, शेजारच्याच भागात राहतात. मोटरखाना आहे, दोन झडपांच्या दाराचा. टेप घेऊन गेलो होतो. गाडी भरते तेरा फुटांना जरा कमी, आतली लांबी भरली सोळा. आजींनी विचारलं, "काय मोजतोयस बाळ?" म्हटलं गाडी बसते का बघतो. तर म्हणाल्या, "फियाटच होती यात. ह्यांची. विकली मी, मग दारच उघडलं नाही." आत भिंतीवर टायर घासल्याची काळी रेघ आहे अजून, एकाच बाजूला. त्यांचे यजमान उजवीकडून जरा जास्तच वळत असणार.

आत एक जुना पलंग आणि दोन पिंपं होती. करारात "रिकामं करून ताबा दिला" हे लिहायचं म्हटलं तर आजींना राग आला, मी काय तुला फसवणार आहे का. त्यांच्या पुतण्याने समजूत घातली. ताबा द्यायच्या दिवशी पलंग बाहेर होता, पिंपं मीच उचलली. जागा आजींच्या एकटीच्या नावावर आहे, भाऊंनी सांगितलं तसे कागद सीबीएस स्टँडजवळच्या एका वकिलांना दाखवले. तीन वर्षांचा करार, नोंदवलेला. अंगठ्याच्या मशीनवर आजींचा ठसा काही केल्या उमटेना, कामाचे हात, रेषाच गेलेल्या. पाचव्या बोटाला जमलं. दर साल पाच टक्के वाढ, लॉक-इन दोन्हीकडून.

गाडी जळगावहून ट्रकवर आणली. इतक्या लांब चालवत आणायची हिंमत झाली नाही. आईने आधी मोटरखाना झाडला, मग घर.

एकच घोळ झाला. दाराला कोयंडा आहे पण किल्ली एकच, पितळेची, बोटभर लांब. करारात "किल्ल्या दोन" असं छापून गेलंय.

कोर्टकचेरी

दुसरी करून घ्या आणि आजींना द्या. करार तसाच राहू द्या.

कॅम्पातला

स्वागत आहे. विहिरीला झाकण आहे ना?

उंदीरग्रस्त

दाराखालची फट?

खान्देशी फियाट (धागाकर्ता)

झाकण आहे. फट तीन बोटं. उद्या पट्टी आणतो.

मिसळखाऊ

गाडीचा फोटो टाका राव.

खान्देशी फियाट (धागाकर्ता)

टाकतो. बॅटरी उतरलीय, चार्जिंगला दिलीय. अंधारात नको, बाहेर काढून टाकतो. आजीही म्हणाल्या आहेत, चालू झाली की पहिली चक्कर त्यांना त्र्यंबकला.